दोन चमचे कमी

आमच्या गल्लीच्या तोंडाशी ब्लाऊज शिवणारे एक काका बसतात. दुकान कसलं, दोन इमारतींमधली फट ती. एक मशीन, एक स्टूल, वर दोरीला टांगलेले अर्धवट शिवलेले ब्लाऊज आणि भिंतीवर कुठल्याशा जुन्या वर्षाचं कॅलेंडर. डोंबिवलीत अशा फटींवर कितीतरी संसार चाललेत. पुतणीच्या लग्नासाठी पैठणीवरचा ब्लाऊज शिवायचा होता. "जुन्याच मापाचा शिवा काका, वजन आहे तेवढंच आहे माझं," असं सांगून मी निघणारच होते, पण भारी कापडाला कात्री लावायची तर माप घेतल्याशिवाय काकांचा हात चालत नाही. त्यांनी मापाची वही काढली. तेलकट पुठ्ठ्याची वही, तिच्यात माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीपासूनचं सगळं लिहिलेलं आहे: छाती, कंबर, मुंढा, दंडघेर, खोडून खोडून वाढत गेलेले आकडे. काकांनी टेप लावली, वहीत बघितलं, चष्मा वर केला आणि पुन्हा टेप लावली. "ताई, दंड वाढलाय आणि कंबर दोन इंच उतरलीय." मग आवाज खाली आणून म्हणाले, "बाई सुटली की सगळीकडून सुटते, वाळली की सगळीकडून वाळते. असं एकीकडून हे आणि दुसरीकडून ते मी कधी बघितलं नाही. तब्येत बरी आहे ना?"

बरी आहे हो, म्हणून मी हसले आणि निघाले. पण भाजी घेताना, रिक्षाच्या रांगेत, रात्री गॅसचा ओटा पुसताना ते वाक्य परत परत आठवत राहिलं. त्याच दिवशी सकाळी मी वजनकाट्याशी अबोला धरला होता. कित्येक महिने लोखंड उचलतेय, मोजून खातेय आणि हा मख्ख! ६४ म्हणजे ६४. सणवार झाला की साडेचौसष्ट, परत ६४. नवरा काट्याकडे बघून काही बोलत नाही आणि त्याचं न बोलणं मला जास्त लागतं. अशात कोणी पहिल्यांदा माझ्या अंगाकडे नीट बघून काही बोललं, तर ते आजाराची शंका म्हणून!

काट्यावरची ही श्रद्धा लहानपणीच मुरलेली आहे. दादरला गाडीची वाट बघताना बाबा आम्हा भावंडांना प्लॅटफॉर्मवरच्या त्या मशीनवर उभं करायचे. लाल-पिवळे दिवे, काचेआड गरगर फिरणारी चक्रं. नाणं आत टाकलं की पोटात खडखडाट व्हायचा आणि खालच्या खाचेत जाडसर पुठ्ठ्याचं तिकीट पडायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य किंवा एखादा हिरो. आई कधी त्यावर चढली नाही. "मला माहीत आहे माझं," म्हणायची आणि पिशवी सांभाळत बाकावर बसून राहायची. वजन आणि नशीब एकाच तिकिटावर छापून मिळायचं, तेव्हा दोन्ही सारखंच खरं वाटायचं. भविष्यावरचा विश्वास पुढे उडाला, वजनावरचा तसाच राहिला.

जिमला मी हौसेनं गेले नाही. चाळिशी उलटल्यावर साखर सीमेवर येऊन उभी राहिली आणि डॉक्टरबाईंनी चालण्यासोबत वजनंही उचला म्हणून सांगितलं. आमची जिम तळघरात. शिरताच रबरी मॅटचा, घामाचा आणि मारुतीच्या तसबिरीपुढच्या उदबत्तीचा मिळून एक वास येतो. सुरुवातीला नको व्हायचा, आता तो नसला तर चुकल्यासारखं होतं. ट्रेनर सांगलीकडचा, तालमीत वाढलेला पोरगा. डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचा जड बार उचलणं, शिकवताना "ताई, पाठ मोडू नका, जमीन पायानं ढकला" एवढंच सांगतो आणि ते पुरतं. जिमच्या मालकानं मात्र एक डाएट चार्ट छापून ठेवला आहे. सगळ्या बायकांना तोच: १२०० कॅलरी. सकाळी ओट्स, दुपारी एक फुलका, रात्री सूप. कॉलेजातल्या मुलीला तोच, बाळंतपणानंतर आलेलीला तोच आणि मला तोच.

तो चार्ट घरी आला तेव्हा माझ्या मुलानं, ज्याला एरवी गणित म्हटलं की झोप येते, एका कागदावर हिशेब मांडला. वजनाला १० नं गुणायचं, सेंटिमीटरमधल्या उंचीला ६.२५ नं, दोन्ही मिळवायचं. त्यातून वयाची पाचपट वजा. मग पुरुष असेल तर ५ मिळवायचे आणि बाई असेल तर १६१ वजा करायचे. (समीकरणातही बायकांच्याच ताटातून काढून घ्यायचं, हे ऐकून सासूबाई खूश झाल्या.) मिफ्लिन-सेंट जिओर असं त्याचं नाव, १९९० मधलं. ६४ किलो, १५७ सेंटिमीटर, ४६ वर्षं, उत्तर आलं १२३०. म्हणजे मी दिवसभर पलंगावर पडून छताकडे बघत राहिले, तरी श्वास, हृदय, मेंदू, यकृत चालू ठेवायला अंदाजे १२३० कॅलरी लागणार. चार्ट त्याहूनही कमी देत होता, वर व्यायाम कर म्हणत होता. लोकल, ऑफिस, घर, जिम धरून माझा दिवसाचा खर्च साडेसतराशेच्या आसपास निघाला.

आमच्या बॅचमधल्या एका मैत्रिणीनं तो चार्ट तंतोतंत पाळला. जिद्दीची बाई. वजन भराभर उतरलं, सगळ्यांनी कौतुक केलं, मीही केलं आणि मनातून जळलेही. पण आधी सहज उचलायची तो बार तिला जड जायला लागला. गाल बसले, दंडाखालची कातडी लोंबायला लागली. रात्री झोप येत नाही म्हणून ती मोबाईलवर रेसिपीचे व्हिडिओ बघत बसायची, पुरणपोळी, खरवस, तळलेली सुरमई, एकामागून एक. हसत हसत सांगायची, पण मला त्यात काहीतरी भयंकर वाटायचं. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी ३६ स्वयंसेवकांना कित्येक महिने अर्धपोटी ठेवलं होतं. युद्धात उपासमार झालेल्या माणसांना पुन्हा कसं खायला घालायचं ते शोधायला. ती धडधाकट तरुण मुलं खंगली, चिडचिडी झाली आणि त्यांच्यातले काहीजण चक्क पाककृतींची पुस्तकं जमवून वाचत बसायला लागले. शरीराला दुष्काळ पडल्यासारखं वाटलं की ते चरबीच जाळत बसत नाही, स्नायूही मोडून खातं आणि डोक्यात जेवणाशिवाय दुसरं काही राहू देत नाही. काकांच्या भाषेत ती मैत्रीण सगळीकडून वाळली होती.

चरबी कमी करायची आणि त्याच वेळी स्नायू वाढवायचा, हे ऐकायला एकाच वेळी घर विकून घर बांधण्यासारखं वाटतं. जुने जाणकार हे होतच नाही म्हणायचे. आधी खाऊन वाढ, मग उपाशी राहून उतर, असा त्यांचा क्रम. पण दोन्हीचा माल वेगळ्या कोठारातून येतो. एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी साठलेल्या असतात, म्हणजे इंधन अंगावरच आहे. स्नायूला लागतं ते प्रोटीन, आणि वाढ म्हणून दिलेला हुकूम. तो हुकूम जड वजन देतं. जेवणातून प्रोटीन भरपूर आलं आणि एकूण कॅलरीत तूट थोडीच ठेवली, तर शरीर बांधकामाचा खर्च साठलेल्या चरबीतून भागवतं. नवशिक्यांना आणि अंगावर साठा असलेल्यांना हे जास्त जमतं. आधीच पिळदार झालेल्याला फार अवघड. मी दोन्हीत बसते. नवशिकी असण्याचा एवढा फायदा मला आयुष्यात कुठेच झाला नव्हता.

यावरचा एक प्रयोग मुलानंच शोधून दिला, कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातला, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला. चाळीस तरुण पुरुष, चार आठवडे, खर्चाच्या ४० टक्के कमी खाणं आणि आठवड्यातले सहा दिवस घाम निघेपर्यंत व्यायाम. निम्म्यांना किलोमागे १.२ ग्रॅम प्रोटीन, निम्म्यांना २.४. दोन्ही गटांची चरबी उतरली. पण जास्त प्रोटीनवाल्यांची ४.८ किलो उतरली आणि चरबी सोडून उरलेलं वजन १.२ किलोनं वाढलं; दुसऱ्यांची ३.५ किलो उतरली आणि उरलेलं होतं तिथंच राहिलं. मी वाचलं आणि पहिला विचार आला तो असा, की त्या पोरांचं जेवण मोजून मापून तयार मिळत होतं. त्यांच्या घरात श्रावण नव्हता, हळदीकुंकू नव्हतं, शेजारून आलेली खिरीची वाटी नव्हती. आणि एकही बाई नव्हती त्यात, सेहेचाळीस वर्षांची तर सोडाच. तरी दिशा कळली. चाळीस टक्के माझ्या बापाला झेपणार नाहीत, पण दिवसाला अडीचशेची तूट जमेल. अडीचशेनं महिन्याला जेमतेम किलोभर चरबी जाते. तेवढ्यात थोडा स्नायू आला, स्नायूबरोबर पाणी आलं, की काटा तिथल्या तिथं, दंड मात्र वाढलेला आणि कंबर उतरलेली.

काट्यानं फसवण्याचा सगळ्यात सुंदर किस्सा आपल्या पुण्याचा आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटंसं टिपण लिहिलं. शेजारी शेजारी उभ्या दोघांचा फोटो. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, अगदी सारखा, २२.३. कोणत्याही तक्त्यात दोघं ठणठणीत. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. लेखातच कबुली आहे की दुसरे लेखक मॅरेथॉन धावतात आणि पहिल्यांचा मुख्य व्यायाम म्हणजे लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत पळत गाठणं. मी हे वाचून एकटीच मोठ्यानं हसले. मग हसू हळूहळू ओसरलं, कारण गोष्ट लिफ्टपाशी संपत नाही. पुण्याजवळच्या खेड्यांत याज्ञिकांच्या गटानं गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. आपली बाळं सगळीकडून लहान. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानानं राखलेली. म्हणजे आईच्या पोटातच शरीर ठरवून येतं, की बाकी काही मिळो न मिळो, तुपाचा डबा आधी भरून ठेवायचा. उपाशी पिढ्यांचं शहाणपण असेल ते. आता घरात फ्रिज आला, खाली वडापावची गाडी आली, डबा मात्र अजून भरतोच आहे. माझी आई बाकावर बसून "मला माहीत आहे माझं" म्हणायची, तिची साखर पन्नाशीत वाढली. शेवटपर्यंत ती बारीकच दिसायची.

मग प्रोटीन. भारतातली शिफारस किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे मला त्रेपन्नच्या आसपास. वजनं उचलणाऱ्यांना किलोमागे १.६ पर्यंत तरी हवं, म्हणजे शंभराला दोन वर. माहेरी असते तर प्रश्नच नव्हता. रत्नागिरीला आमच्याकडे पावसाळ्यात सुक्या बोंबलाची चटणी आणि सुकट दोन्ही वेळा असायची. तव्यावर सुकट भाजताना निघणारा तो खमंग, नाकात बसणारा वास डोंबिवलीच्या या मजल्यावर आणायची मला आजही छाती नाही. सासर शाकाहारी. अंड्याला परवानगी आहे ती बाल्कनीपर्यंत: तिथं एक छोटी इलेक्ट्रिक शेगडी, एक वेगळं पातेलं, एक वेगळा चमचा. पावसात एका हातात छत्री धरून अंडी उकडलेली बाई म्हणून मजल्यावर माझी ख्याती आहे.

स्वयंपाकघरात डिजिटल काटा आला आणि पहिला धक्का वरणानं दिला. आपण भात-वरणाला पूर्णान्न म्हणून किती मान देतो! कोरड्या तुरीच्या डाळीत शंभर ग्रॅमला बावीसेक ग्रॅम प्रोटीन असतं, खरं आहे. पण आमच्या घरी माणशी डाळ पडते ती पंचवीस-तीस ग्रॅम, उरलेलं पाणी, हळद, हिंग आणि प्रेम. वाटीभर वरणातून सहा ग्रॅम. पोह्यांच्या बशीत त्याहून कमी. साबुदाण्याच्या खिचडीतलं जे काही आहे ते दाण्याच्या कुटाचं. दाणे तसे जोरदार, शंभरात पंचवीस ग्रॅम, पण त्याबरोबर पावणेसहाशे कॅलरी. मूठभर दाणे प्रोटीन म्हणून खाल्ले की दिवसाची तूट भरून निघते. मग एकेक जमवत गेले. मटकीची उसळ दाट, तिच्यात पाणी घालायचं नाही. घरचं पनीर. दही टांगून. सोयाबीनच्या वड्या, ज्या सासूबाई पाहुण्यांसमोर वाढत नाहीत. फुटाणे पर्समध्ये. ज्या दिवशी अंडी नाहीत त्या दिवशी व्हेचा, म्हणजे दुधाच्या निवळीतल्या प्रोटीनच्या पावडरीचा, एक डबल-स्कूप शेक, जो प्यायला खडू विरघळवल्यासारखा लागतो आणि ज्याच्या डब्याच्या किमतीत पूर्वी महिन्याचं दूध यायचं. ट्रेनरनं तो कधी विकत घेतलेला नाही, त्याला पगारात परवडत नाही. तो सोयाच्या वड्या आणि डझनावारी अंडी खातो आणि माझ्याहून चौपट वजन उचलतो.

त्याला हे मोजणंच पटत नाही. "काय ओ ताई, मोजून खाल्लं तर अंगाला लागनार कसं?" तालमीतला खुराक म्हणजे दूध, तूप, बदामाची थंडाई, मटण. पहाटे ताक, हळद, लिंबू, तेल मुरवलेल्या लाल मातीत जोर-बैठका काढायच्या आणि पोट भरेल तेवढं खायचं. तो बोलायला लागला की त्याचे डोळे वेगळेच दिसतात. पण मोजणं पैलवानांनाही चुकलेलं नाही, हे त्यालाच जास्त ठाऊक. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीला स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन आले ते ५७ किलोच्या गटात. 'पॉकेट डायनॅमो' म्हणायचे त्यांना. आणि २०२४ मध्ये पॅरिसला विनेश फोगाट अंतिम फेरीत पोहोचून, रात्रभर घाम गाळूनही सकाळी शंभर ग्रॅम जास्त भरली आणि बाद झाली. त्या दिवशी जिममध्ये कोणी गाणी लावली नाहीत. ट्रेनर डंबेलच्या रॅकला टेकून मोबाईल बघत होता, म्हणाला, "शंभर ग्रॅम म्हंजे काय ताई, घोटभर पानी." कुस्तीत काट्याला तो अधिकार आहे, नियमच आहे. माझ्या बाथरूमबाहेर त्याला तो कोणी दिला, हे मात्र मला त्या दिवशी विचारावंसं वाटलं.

हे सगळं कळलं तरी खरी अडचण वेगळीच निघाली, आणि ती कोणत्याही चार्टात लिहिलेली नसते.

आमच्या घरी तुपाच्या सटातली पळी एका वेळेला चौदा ग्रॅम तूप उचलते. मी मोजलंय, सासूबाई देवळात गेल्या असताना. सव्वाशे कॅलरी. सकाळच्या जेवणात एक, रात्री एक: अडीचशे. माझी अख्खी तूट, तिच्यावरचा सगळा हिशेब, दोन पळ्यांत मावतो. आणि त्या पळ्या सासूबाईंच्या हातात आहेत. भाताची मूद पाडली, वरण घातलं की त्यांचा हात आपोआप सटाकडे जातो. वाटीच्या कडेला पळी निथळवतात, मग मुदीच्या डोक्यावर ओततात, ते तूप वरणात पिवळ्या चकत्या करत पसरतं. मी ताटावर हात आडवा धरला तर त्या काही बोलत नाहीत. पळी परत सटात ठेवतात. पण ती ठेवण्याची एक पद्धत असते.

मी पूर्ण उपास केला तर घरात काही अडत नाही. संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्राचे नऊ दिवस, सगळ्याला जागा आहे, मान आहे. नवरा नवरात्रात नऊ दिवस फराळावर राहतो, कौतुक होतं, आणि दसऱ्याला श्रीखंड-पुरीवर तुटून पडतो, त्याचंही कौतुक होतं. एकादशी दुप्पट खाशी म्हणतात ते उगाच नाही. साबुदाणा, कूट, तूप, बटाट्याचा कीस, वऱ्याचे तांदूळ, उपासाच्या दिवशी आमच्या घरातल्या कॅलरी साध्या दिवसाहून चढ्या असतात आणि प्रोटीन नीचांकी. आपल्याला अजिबात न खाणं जमतं आणि आग्रहानं खाणं तर अंगात मुरलेलंच आहे. पंगतीत नको म्हणणाऱ्याच्या पानात दोन जिलब्या जास्त पडतात. पण रोज, गाजावाजा न करता, कोणत्याही देवाच्या नावानं नाही, थोडंसंच कमी खाणं? त्याला व्रत नाही, उद्यापन नाही, कहाणी नाही. कोणी विचारलं तर सांगायला कारणही नाही. "आज एकादशी आहे" म्हटलं की माणूस गप्प बसतो. "आज माझ्या दोनशे कॅलरी उरल्यात" म्हटलं तर वेड्यात काढतो. आणि स्नायू धरून चरबी सोडायची तर हेच लागतं, महिनोन्महिने, इतकं थोडं की ते तपश्चर्याही वाटत नाही.

मला हे मोजणं सगळंच आवडतं असंही नाही. पुतणीच्या लग्नात, त्या नव्या ब्लाऊजमध्ये, मठ्ठ्याची वाटी तोंडाला लावताना मनात आकडा आला आणि मला माझाच राग आला. मसालेभात गरम होता, वर ओलं खोबरं, समोरच्या पंगतीत माझी आत्या बऱ्याच वर्षांनी दिसत होती. तिथं कॅलरीचं काय काम? त्या दिवशी मी मोजलं नाही आणि दुसऱ्या दिवशी भरपाईही केली नाही. आठवड्याचा हिशेब एका पंगतीनं बुडत नाही, हे गणितानंच शिकवलंय. तूट थोडी ठेवली की एवढी मोकळीक मिळते. बाराशेवाल्या मैत्रिणीला ती मिळत नाही. ती लग्नाला आली होती, तिनं नुसती कोशिंबीर घेतली आणि सगळ्यांच्या पानांकडे बघत बसली. मी तिला आमच्या घरचा कागद पाठवलाय, तिच्या वजनाचा, तिच्या उंचीचा. अजून तिचं उत्तर नाही. वजन परत वाढेल ही भीती मोठी असते, मी तिला दोष देत नाही.

ट्रेनरशी मात्र माझं भांडण झालं. म्हटलं, तुला हे कळतं, मग तो चार्ट का वाटतोस? तो म्हणाला, मालकाचा नियम आहे, आणि बायकांना काटा पंधरा दिवसांत खाली दिसला नाही तर त्या पुढच्या महिन्याची फी भरत नाहीत. खरं असणार. दंडघेर बघायला धीर लागतो आणि टेप लागते. जिममध्ये भिंतीभर आरसे आहेत, महागडा चरबी मोजायचा काटाही आहे, जो पाणी प्यायलं की एक आकडा सांगतो आणि घाम गाळला की दुसरा. साधी शिवणकामाची टेप मात्र नव्हती. ती मी नेऊन दिली. आता रॅकच्या खिळ्याला लटकलेली असते. कॉलेजातल्या मुली वापरतात, बायका अजून लाजतात.

परवा सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी डॉक्टरांकडे गेलो होतो. त्यांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले, आजी, पायातली ताकद कमी झालीय, प्रोटीन वाढवा. सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच आधी जाऊन डॉक्टरांना पढवून आले होते. रिक्षात गप्प. घरी आल्यावर म्हणाल्या, "मी दहीभात खाते, दूध घेते, अजून काय पाहिजे?" ४८ किलोचं अंग. दहीभात, दूध, अर्धी पोळी, साखर घातलेला चहा चार वेळा. मी मनात मोजलं, तिशीतच अडकत होतं. मूगडाळीची धिरडी करते म्हटलं, रोज संध्याकाळी दोन. पनीर किसून घालीन, तुम्हाला कळणारही नाही. आणि खुर्चीतून हात न टेकता उठायचं, दहा वेळा, माझ्यासमोर. खुर्चीचं लगेच मान्य झालं, त्यात त्यांना नातवासमोर शर्यत दिसली. धिरड्यांवर बराच वेळ घासाघीस चालली. पनीर चालेल, पण वर तूप पाहिजे, त्याशिवाय घशाखाली उतरत नाही. घाला की, म्हटलं, तुम्हाला कॅलरीही कमीच पडतायत.

"आणि एक सांगते," सटाचं झाकण लावत त्या म्हणाल्या, "मला मोजून वाढायचं नाही."

बरं, म्हटलं. डाळ मी त्या आत यायच्या आधीच भिजत घालते, चाळीस ग्रॅम.